खारतळीचे मऊ शिंपले

मनुष्य आपल्या प्रिय वस्तूच्या रक्षणार्थ जे काही करतो, त्याचा परिणाम त्या वस्तूपाशीच येऊन थांबेल, अशी त्याची मनोमन खात्री असते. खारतळी गावचे जयवंत तारी यांचीही अशीच खात्री होती. ते दुष्ट नव्हते आणि निष्काळजीही नव्हते. किंबहुना त्यांच्याइतका काळजीवाहू मनुष्य त्या किनाऱ्यावर शोधूनही सापडला नसता, आणि या कथेतील सर्वांत दुःखाची बाब तीच आहे.

एकविसाव्या शतकाचे चौथे दशक सरत आले होते. लागोपाठच्या उन्हाळ्यांनी समुद्र इतका तापला होता की, किनाऱ्यासमोरील थोरल्या खडपावरचे, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ पट्ट्यावरचे, प्रवाळ पांढरेफटक पडून मरून गेले होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, आणि वनस्पतीही नव्हे. ते असंख्य इवल्या जीवांचे एक कुटुंब असते. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि घरावर घर चढत जाऊन त्याची शिळा होते. तरुणपणी जयवंत पर्यटकांना पाणचष्मे लावून ही शिळा दाखवावयास नेत असत. ती मेली तेव्हा त्यांचा धंदा गेला. परंतु धंद्याहून अधिक असेही काही गेले, जे त्यांना कधी शब्दांत सांगता आले नाही.

खडप पूर्ण मरण्याच्या आधी किनारी संशोधन केंद्राने ‘गृहप्रवाळ’ नावाची एक योजना काढली होती. जयवंतांसारख्या बुडी मारणाऱ्या जुन्या माणसांना काचेच्या टाक्या देण्यात आल्या, आणि जिवंत राहिलेल्या कोपऱ्यातून तोडलेले तुकडे त्यांच्या घरी वाढीस ठेवण्यात आले. पुढेमागे उष्णता सोसणारी पिढी तयार झाली की ती परत खडपावर लावावयाची, असा हेतू होता. इतरांचे तुकडे एकेक करून मेले. कुणाची वीज गेली, कुणाचा पंप बिघडला, कुणी मुंबईला मुलाकडे राहावयास गेला. जयवंतांचा तुकडा मात्र जगला आणि जेवणाच्या ताटाएवढा पसरला. थोरल्या खडपाचा तो जगातील शेवटचा जिवंत अंश होता. तो स्वहस्ते परत खडपावर लावावा, एवढी एकच इच्छा धरून जयवंत दिवस काढीत होते.

टाकी पडवीत होती. तिच्यावर निळा दिवा, बाजूस फेस काढणारे यंत्र, आणि खाली पाणी थंड ठेवणारे यंत्र, जे अहोरात्र घुमत असे. जयवंतांच्या पत्नी कुसुमबाई प्रवाळाला ‘धाकटी’ म्हणत. स्वतः त्या गावातील इतर बायांबरोबर ओहोटीच्या वेळी कोयती आणि पाटी घेऊन खाडीत उतरत, चिखलातून तिसऱ्या नावाचे छोटे शिंपले वेचीत आणि खडकांवरची कालवे फोडून आणीत. घर त्याच पाटीवर चाले. मे महिन्याच्या दुपारी अंगाची लाही होत असताना त्या घरात येत आणि म्हणत,

“धाकटी जेवली काय? जेवली आसात तर मगे थोरलेक पण बघा.”

“गप गो. ती ऐकता.”

“ऐकांदे. सवतीक ऐकूकच व्हया. तिका थंडगार पाणी, आणि माका गॅसचो जाळ. नशीब लागता बाबा!”

असे म्हणून त्या ओल्या हातांनी काचेवरचा डाग पुसून टाकीत. काच पुसावयास त्यांना कोणी सांगितलेले नसे.

अशा या टाकीत नळीगोगलगाई शिरल्या. एखाद्या दगडाच्या फटीत दृष्टीस न पडणारी पिले आली असावीत. साधी गोगलगाय शंख पाठीवर घेऊन फिरते. ही मात्र एका जागी बसते, दगडाला चुन्याची नळी चिकटवते, आणि नळीच्या तोंडातून चिकट धाग्यांचे जाळे पाण्यात सोडून अन्न पकडते. ते जाळे प्रवाळाच्या अंगावर पसरले की त्याचे जीव आखडून घरात शिरतात, उपाशी राहतात, आणि वाढ खुंटते. केंद्राचा नियम कडक होता. ज्या तुकड्यावर एकही नळी दिसेल तो खडपावर लावावयाचा नाही, कारण दुबळ्या झालेल्या समुद्रात ही कीड वणव्यासारखी पसरली असती.

जयवंतांनी जाणकारांची जुनी रीत धरली. चिमट्याने नळी मोडावयाची, आणि मोडता न आल्यास तिच्या तोंडावर झटकन सुकणाऱ्या गोंदाचा थेंब ठेवून ते बंद करावयाचे, म्हणजे आतला प्राणी उपासमारीने मरतो. कुसुमबाईंची नजर कालवे शोधण्यात तयार झालेली असल्याने त्या शेजारी बसून नळ्या दाखवीत.

“ह्या कपारीत बघा. दोन आसत. बिचारी दारात बसान जाळा टाकता. आमच्या रापणकारांचीच जात. तिका मारतास?”

“आमचे रापणकार शेजाऱ्याच्या तोंडार जाळा टाकणत नाय.”

“टाकणत नाय? भिकू तांडेलाक इचारा!”

दोघेही हसत. त्यांना मूलबाळ नव्हते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात एका कामावर दोघांनी मिळून वाकण्याचा योग त्यांना प्रथमच आला होता. पण नळ्या हटल्या नाहीत. एक बंद केली की तिच्या भोवती नव्या उगवत. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रवाळाची एक कड तपकिरी झाली आणि झडली. त्या दिवशी जयवंत जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातील डॉक्टर ईशा वर्तक यांना फोन केला. या तरुण विदुषी घाटावरच्या, मन लावून काम करणाऱ्या आणि मनाने मोठ्या होत्या. त्या स्वतः मोटारीने आल्या, त्यांनी कड पाहिली, आणि पिशवीतून एक तपकिरी कुपी काढून पडवीच्या कठड्यावर ठेवली.

“तारीकाका, हे ‘निष्कवच’. अजून बाजारात यायचंय. पण तुमचा तुकडा गेला तर खडप संपलंच, म्हणून आणलंय.”

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. गोगलगाय, शिंपला, कालव ही सारी एकाच कुळातील होत. त्यांच्या अंगावर एक मऊ पदर असतो. तो प्रथम प्रथिनांचे अतिसूक्ष्म विणकाम करतो, आणि त्या विणीत चुना बसत जाऊन कवच घट्ट होते. स्लॅब ओतताना आधी सळ्यांचा सांगाडा बांधतात, त्यातलाच हा प्रकार. निष्कवचात असे जीवाणू होते की जे ही वीण विरघळवीत. सळ्याच नाहीत म्हटल्यावर चुना टिकत नसे, कवच मऊ पडे, आणि प्राणी मरे. प्रवाळाची वीण निराळ्या धाग्याची असल्यामुळे त्याला धक्का लागत नसे.

असे जीवाणू समुद्रात पसरले तर काय, हा प्रश्न ज्यांनी ते बनवले त्यांनाही पडला होता. म्हणून त्यांनी जीवाणूंना एक कुलूप घातले होते. विशिष्ट कषायद्रव्य मिळाल्यावाचून ते जगू शकत नसत. कच्ची सुपारी चावताना ज्याने जीभ आखडते, त्याच जातीचे हे द्रव्य. ते खुल्या समुद्रात आढळत नाही. टाकीत त्याचे थेंब नित्य टाकावयाचे, आणि काम झाले की बंद करावयाचे. जीवाणू उपाशी मरतील. समुद्राच्या पाण्याचे नमुने दूरवरच्या प्रयोगशाळेत तपासले गेले होते, आणि त्यांत हे द्रव्य खरोखरच सापडले नव्हते.

निष्कवचाचा गुण विलक्षण होता. नवरात्र येण्यापूर्वी नळ्या ओल्या खडूप्रमाणे बोटाने पुसल्या जाऊ लागल्या. आतली गोगलगाय शिजलेल्या शेवईसारखी लोंबकळे आणि प्रवाहाबरोबर निघून जाई. प्रवाळाने आपले सारे जीव बाहेर काढले. हिरवट सोनेरी रंगाचा तो पिसारा पाहून कुसुमबाईंनी काच पुन्हा एकदा पुसली. मग म्हणाल्या, “सवत देखणी आसा हां. तुमची चूक नाय.”

आता ज्या गोष्टीने पुढील सर्व अनर्थ घडला, ती सांगावयाची. टाकीतील जुने पाणी अधूनमधून काढून समुद्राचे ताजे पाणी भरावे लागते. काढलेल्या पाण्यात ब्लीच घालून ते मोरीत ओतावे, अशी सूचना कुपीवर होती. पण तारींच्या घरात एक रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात होती. समुद्राकडून आणलेले पाणी जमिनीवर, पायदळी किंवा मोरीत टाकावयाचे नाही. ते उसने असते, आणि उसने ज्याचे त्याला ओहोटीबरोबर परत करावयाचे. जयवंतांची आई मासे धुतलेले खारे पाणीसुद्धा कळशी भरून खाडीवर नेत असे. त्या पाण्यात ब्लीच घालून ते परत करणे म्हणजे उसन्या दुधात विष कालवून देण्यासारखे त्यांना वाटले. तरीही सूचना मोडणे त्यांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी फोनवर विचारले.

डॉक्टर हसल्या. “तारीकाका, नियमाने मी ब्लीचच घाला म्हणेन. पण तुमच्या बादलीभर पाण्यानं खाडीला काही होणार नाही. तिथे त्यांना खायलाच नाही काही. दोन भरत्यांत उपाशी मरतील ते.”

“म्हणजे चालता?”

“मी असं म्हटल्याचं कुठे सांगू नका म्हणजे झालं.”

जयवंतांनी समाधानाने बादल्या उचलल्या. खाडीवर उतरण्यास सोपी अशी एकच पायवाट होती, आणि ती काथ्या करणाऱ्या बायांची होती. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, मऊ पडावीत म्हणून त्या ती खाडीच्या काठच्या चिखलात खड्डे करून पुरून ठेवतात. भरतीचे पाणी आतबाहेर करते, सोडणे महिनोन्‌महिने कुजतात, मग बडवून त्यांचा काथ्या वळतात. खारतळीच्या खाडीच्या दोन्ही काठांना असे खड्डे होते, आणि त्यांतून काळसर पाणी सदैव पाझरत असे. त्याच पायवाटेवरून उतरून जयवंत बादल्या ओतीत, पाण्याला हात लावून कपाळाशी नेत, आणि परत येत. त्या काळसर पाण्यात कुजणाऱ्या सोडणांचे कषायद्रव्य साखरेच्या पाकाइतके दाट उतरलेले आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्यांना ठाऊक असणे आवश्यक होते, त्यांनी असा खड्डा जन्मात पाहिला नव्हता.

दसऱ्यानंतर केंद्राची मंडळी तपासणीस आली. भिंगातून त्यांनी दगडाचा कण नि कण पाहिला. एकही नळी नव्हती. तुकडा पसंत झाला. दिवाळी सरली आणि पाणी निवळले की तो थोरल्या खडपावर लावण्यात येईल, आणि बुडी मारून तो लावण्याचा मान जयवंतांचा राहील, असे ठरले. त्या संध्याकाळी जयवंतांनी जुना पाणचष्मा काढून त्याचे रबर तेलाने मऊ केले. कुसुमबाईंनी घावणे केली. “सवत सासरी चालली,” त्या म्हणाल्या, “माका आता कोण बोलूक आसा?”

यानंतर थोड्याच दिवसांनी त्या ओहोटी संपण्याच्या कितीतरी आधीच घरी परतल्या. पाटी अर्धीही भरलेली नव्हती. पाय न धुताच त्या पडवीत आल्या, आणि त्यांनी जयवंतांच्या तळहातावर एक तिसरी ठेवली.

“दाबा.”

जयवंतांनी दाबली. शिंपला पिचला नाही. तो ओल्या पापडासारखा वाकला आणि बोटाचा ठसा त्यावर तसाच राहिला.

“खय गावलो हो?”

“खय म्हंजे? खाडीत. सगळी पाटी तशीच आसा. कालवां कोयती लावच्या आधीच उघडी पडतत. बायो म्हणतत, पाण्याक कायतरी रोग लागलो.” त्या थांबल्या. “तिच्याकडे कित्याक बघतास? मी हय आसंय.”

जयवंत टाकीकडे पाहत होते, हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळले. ओल्या खडूसारख्या त्या नळ्या त्यांच्या बोटांना आठवत होत्या. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी खाली बसून पत्नीला सारे सांगितले. कुसुमबाई उभ्याच राहिल्या. त्यांच्या पायांवरचा चिखल वाळत गेला.

“दिवाळी सरली की न्हेतत तेका,” जयवंत शेवटी म्हणाले. “तवसर कोणाक बोलू नको. एकदा खडपार लागला की मी स्वतः जावन सगळा सांगतलंय. आता सांगला तर ते हेका मारून टाकतले.”

“आणि तवसर मी काय करू? रोज मऊ शिंपले येचू आणि हसत घराक येऊ?”

“कुसुम, ता शेवटचा आसा. जगात दुसरा नाय.”

“आणि खाडी? आमका दुसरी खय आसा खाडी?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “बायो माका इचारतत, काय झाला गो पाण्याक? त्यांका काय सांगू? माझ्या सवतीक न्हाऊ घातलला पाणी तुमच्या ताटात इला म्हणान?”

कुसुमबाईंनी कनवटीचा फोन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“तुमी लावतास काय मी लावू?”

जयवंतांनी फोन हातात घेतला. बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी त्यांनी टाकीकडे पाठ केली.

डॉक्टर वर्तक त्याच दिवशी आल्या. त्यांनी खाडीचे पाणी, चिखल, मऊ शिंपले असे सारे नमुने भरले. काथ्याच्या खड्ड्याशी आल्यावर त्या थबकल्या, काळ्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावले, आणि तशाच चिखलात खाली बसल्या.

“इथे काय आहे हे?” त्यांनी विचारले, वास्तविक त्यांना ते कळलेले होते.

“सोडणा,” कुसुमबाई म्हणाल्या. “काथ्याची.”

“किती वर्षं करता तुम्ही हे?”

“आमच्या सासवांच्या सासवांपासना. कित्याक?”

डॉक्टरांनी हाताने तोंड झाकून घेतले. कुलपाची किल्ली त्या गावात शेकडो खड्ड्यांतून पुरून ठेवलेली होती.

नंतरच्या दिवसांत केंद्राचा हुकूम आला. ज्या ज्या टाकीत निष्कवच गेले असेल तिच्यातील सर्व जीव नष्ट करावेत. जयवंतांनी विनवणी केली. प्रवाळ औषधाने धुता येणार नाही काय, निराळ्या पाण्यात ठेवता येणार नाही काय, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले.

“तारीकाका, प्रवाळाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यात ते बसलेत. धुवायला गेलं तर प्रवाळच मरेल. आणि ठेवलं तर...” डॉक्टरांनी खाडीकडे हात केला. “चूक माझी आहे. तुम्ही विचारलं होतंत मला.”

“चूक कोणाची ता मी इचारूक नाय,” जयवंत म्हणाले. “ता जगतला काय ता इचारलंय.”

“नाही जगणार.”

केंद्राची माणसे हे काम करावयास येणार होती. जयवंतांनी त्यांना येऊ दिले नाही. सकाळी आंघोळ करून त्यांनी ब्लीचचा डबा स्वतः आणला आणि तो टाकीत ओतला. पिसारा एकदम मिटला. मग तो मिटलेला भागही सुटत गेला. रंग पाण्यात धुरासारखा उतरला आणि खाली पांढरा सांगाडा राहिला. थोरल्या खडपावर जयवंतांनी हेच दृश्य पाहिले होते. फरक इतकाच, की तेव्हा ते पाण्यात होते आणि त्यांच्या हातात काही नव्हते.

कुसुमबाईंनी खाली वाकून पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे बटण बंद केले. इतक्या वर्षांची घुमघूम थांबली, तेव्हा घर एकदम मोठे वाटू लागले. त्या दिवसानंतर ‘सवत’ हा शब्द त्या घरात पुन्हा उच्चारला गेला नाही.

आता खाडी वाचवावयाची उरली होती. सोडणांचे सर्व खड्डे उपसून सोडणे डोंगरावर नेऊन जाळली, तर जीवाणूंना खावयास राहणार नाही, असा केंद्राचा विचार पडला. देवळासमोर गाव जमला. काथ्या करणाऱ्या बायांच्या पुढारी सत्यभामा मेथर तावातावाने उठल्या.

“शिंपले गेले म्हणान सोडणा काढा म्हणतत! आमी काय खावचा मगे? हेंनी घरात बसान समुद्राचे लाड केले, आणि शिक्षा आमका? तोंडार शिरा पडो त्यांच्या!”

जयवंत मान खाली घालून बसले होते. कुसुमबाई उभ्या राहिल्या.

“सत्यभामा, शिव्या माका घाल. घोव माझो आसा. पण खड्डो उपस गो. हात जोडतंय तुका.”

सत्यभामाबाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या होत्या. “तुझ्यासाठी उपसतंय,” त्या अखेर म्हणाल्या. “तेंच्यासाठी नाय.”

खड्डे उपसले गेले. सबंध गावाने चिखलात उभे राहून कुजकी सोडणे होड्यांत भरली. काथ्याचा व्यवसाय त्या दिवशी खारतळीतून उठला. जयवंत सर्वांच्या आधी चिखलात उतरत आणि सर्वांच्या नंतर बाहेर येत. त्यांच्याशी कोणी बोलत नसे. कुसुमबाई बोलत, पण कामापुरते. “पाटी द्या.” “वायच सरका.” तेवढेच.

हिवाळ्याच्या सुरुवातीस थोडी आशा दिसली. पाण्यातील जीवाणू कमी होऊ लागल्याचे डॉक्टरांनी कळवले. कुसुमबाई रोज चिखलात हात घालून चाचपीत. एकदा त्यांना नखाएवढी तिसरी सापडली, आणि ती टणक होती. ती त्यांनी सत्यभामाबाईंच्या हातावर ठेवली, आणि दोघी चिखलातच खाली बसून रडल्या. मात्र पुढील उधाणात ती तिसरी आणि तिच्या सोबतीच्या साऱ्या मऊ होऊन गेल्या. काठावर एकही शंख उरला नाही. शंखात राहणारे खेकडे प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणे पाठीवर घेऊन हिंडू लागले. शिंपले खाणारे पक्षी येईनासे झाले. शेजारच्या खाडीतून आणि तिच्या पलीकडच्या खाडीतूनही तशाच बातम्या येऊ लागल्या.

डॉक्टर वर्तक माघात पुन्हा आल्या. या काळात त्या फार वाळल्या होत्या. ओहोटी लागली होती. खाडीच्या बांधावर जयवंत, कुसुमबाई आणि त्या, असे तिघेच उभे होते. समोर पाण्यात पाय रोवून उभे असलेले कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, बन थेट खाडीच्या मुखापर्यंत पसरले होते.

“सोडणं काढली ते बरोबरच होतं,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याला उशीर झाला. त्या खड्ड्यांत ते नुसते जगले नाहीत, शिकले. इतकं खायला मिळाल्यावर त्यांच्या इतक्या पिढ्या झाल्या, की त्यातल्या काहींना दुसरं कषायद्रव्य पचायला लागलं. सोडणाच्या जवळचं, पण निराळं.” त्यांनी बोट पुढे केले. “ते कांदळाच्या सालीत असतं.”

पाणी बनातून खळखळ उतरत होते.

“म्हंजे,” कुसुमबाई सावकाश म्हणाल्या, “आता कांदळ पण काढूचे?”

डॉक्टर बनाकडेच पाहत राहिल्या.

“डाक्टरीण बाय, मुके कित्याक झालास? हे काढले तर खाडी जगतली काय?”

उत्तराची वाट न पाहता त्या बांधावरून खाली उतरल्या. त्यांच्या हातात कोयती होती. इतके दिवस काही मिळत नसतानाही ती घेतल्यावाचून त्या घराबाहेर पडत नसत. गुडघाभर चिखल तुडवीत त्या पहिल्या झाडाशी गेल्या. त्याच्या मुळ्यांवर एके काळी कालवांची अशी चिलखते चढलेली असत की हात लावला तर रक्त येई. आता त्या मुळ्या गुळगुळीत होत्या. कुसुमबाईंनी कोयती उगारली आणि बुंध्यावर घाव घातला. मग दुसरा घातला.

“थांबा! कुसुमताई, तोडू नका!” डॉक्टर ओरडल्या. “साल फुटली की ते द्रव्य पाण्यात जास्तच उतरतं! चिखलातली खुंटं-मुळं पाण्यात सडत राहतील, त्या जीवाणूंना वर्षानुवर्षं पुरतील!”

कोयती वरच राहिली. घावातून ओली लालसर साल उघडी पडली होती, आणि तिच्यातून झिरपणाऱ्या रसाची बारीक धार बुंध्यावरून उतरून पाण्याला मिळत होती.

“काढले तरी तसाच,” कुसुमबाई मागे न वळता म्हणाल्या, “ठेवले तरी तसाच.”

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. कुसुमबाईंना ती दिसली नाही. दिसण्याची त्यांना आवश्यकताही नव्हती.

जयवंत केव्हा खाली उतरले ते कोणाच्या लक्षात आले नाही. त्यांनी पत्नीच्या शेजारी येऊन आपले दोन्ही तळहात त्या घावावर दाबून धरले. बोटांच्या फटींतून लाल ओल येत राहिली. ते अधिक जोराने दाबीत राहिले.

“सोडा,” कुसुमबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या त्यांच्याशी कामावाचून बोलत होत्या. “सोडा आता. तेच्यान काय थांबूचा नाय.”

जयवंतांनी हात सोडले नाहीत. त्यांच्या पायांभोवतीचे पाणी, लालसर रेघ घेऊन, समुद्राकडे चालले होते.